पेपर लिहिण्याआधीच निकाल

मंडळी, चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. घटक चाचणीपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पेपरांचे किती गठ्ठे तपासले, त्याची मोजदाद नाही. पण उत्तरपत्रिका हातात येण्याआधीच गुण देऊन टाकले, असं कधी झालं नाही. अमेरिकेत मात्र दरवर्षी एप्रिलच्या अखेरीला टीव्हीवर नेमकं हेच होतं. मुलं अजून मैदानात उतरलेलीही नसतात, आणि सुटाबुटातली तज्ज्ञ मंडळी ‘अ’, ‘ब उणे’, ‘क अधिक’ अशा श्रेण्या वाटून मोकळी होतात. लाखो लोक ते मन लावून बघतात. गेली काही वर्षं मीही बघते.

आता आमची नातेवाईक मंडळी म्हणतील, या वयात हिला अमेरिकन फुटबॉल कुठून सुचला? तर लेक-जावई ओहायोत, क्लीव्हलँडच्या एका उपनगरात राहतात. मी उन्हाळ्यात तिथे असते. नातू आता अकरावीत आहे आणि त्याची क्लीव्हलँड ब्राउन्स या संघावर निस्सीम भक्ती आहे. भक्तीचं फळ मिळालंच पाहिजे असा त्याचा आग्रह नाही, म्हणून निभावतं. २०१७ साली हा संघ सोळापैकी सोळा सामने हरला होता! अशा संघाच्या भक्तांना खरी आशा एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे ड्राफ्टची.

हा ड्राफ्ट म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इथला फुटबॉल म्हणजे आपला पायांनी खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा किंवा फेकायचा, आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. कॉलेजात खेळून तयार झालेली मुलं दरवर्षी हे संघ सात फेऱ्यांत वाटून घेतात. साधारण अडीचशे मुलांची निवड होते. आयपीएलसारखी बोली नसते. पाळीपाळीनं नाव घ्यायचं. आणि गंमत म्हणजे मागच्या मोसमात जो संघ सगळ्यात खाली, त्याचा निवडीचा मान पहिला. आपल्याकडच्या अकरावी प्रवेशाच्या फेऱ्या आठवा आणि त्या उलट्या करा. सगळ्यात कमी निकालाच्या कॉलेजानं आधी विद्यार्थी निवडायचा!

पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला. त्यात पहिलं नाव जे बरवँगर या मुलाचं होतं. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान त्याला मिळालेला होता. तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे पहिल्याच वर्षी, पहिल्याच नावाला नियतीनं सांगून ठेवलं होतं, की बाबांनो जरा जपून!

पुढची चाळीसेक वर्षं हा सगळा हॉटेलातल्या खोलीत, कागद आणि टेलिफोन यांच्या साह्यानं चालणारा कारभार होता. १९८० साली ईएसपीएन या नव्या, जेमतेम वर्षभराच्या वाहिनीनं तो टीव्हीवर दाखवायचं ठरवलं. नावं वाचून दाखवण्याचा कार्यक्रम कोण बघणार, असं संघांच्या मालकांनाच वाटत होतं. २०२४ साली डेट्रॉईटला ड्राफ्ट झाला तेव्हा तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या वर माणसं जमली. आपल्याकडे एवढी गर्दी पंढरीच्या वाटेवर दिसते.

पण टीव्हीवर एक अडचण असते. एका नावानंतर दुसरं नाव येईपर्यंत काही मिनिटं जातात. ती भरून काढायची कशानं? बोलण्यानं. त्या रिकाम्या मिनिटांतून हा ‘ड्राफ्ट विश्लेषक’ जन्माला आला. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मेल कायपर. बाल्टिमोरचा हा माणूस तरुणपणी खेळाडूंची माहिती जमवून स्वतःच पुस्तिका काढून विकायचा. १९८४ पासून तो ईएसपीएनवर आहे. कोण कुठल्या कॉलेजचा, किती वजनाचा, पाय कसे टाकतो, सगळं तोंडपाठ. आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक इतिहासाच्या सनावळ्या अशाच धडाधड म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, ज्याला एवढं पाठ आहे, त्याला पुढचंही दिसत असणार. माझ्या मते गफलत होते ती इथेच.

१९९४ सालचा एक प्रसंग इथल्या फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ आहे. इंडियानापोलिस कोल्ट्स या संघानं पाचव्या क्रमांकावर ट्रेव्ह अल्बर्ट्स या बचावातल्या खेळाडूचं नाव घेतलं. ट्रेंट डिल्फर हा क्वार्टरबॅक तेव्हा उपलब्ध होता. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे तो ठरवतो. कायपरनं थेट प्रक्षेपणात कोल्ट्सवर सडकून टीका केली. संघाचे कारभारी बिल टोबिन असे भडकले, की कॅमेऱ्यासमोर त्यांनी विचारलं, हा मेल कायपर आहे तरी कोण? माझ्या शेजारी राहणाऱ्या पोस्टमनपेक्षा याचा अधिकार काही जास्त नाही!

मग बरोबर कोण ठरलं? अल्बर्ट्स दुखापतींमुळे तीनच मोसम खेळला. म्हणजे कायपर जिंकला म्हणायचं? पण डिल्फरही काही मोठा सूत्रधार झाला नाही. त्याला २००१ च्या जानेवारीत सुपर बोल मिळाला, तो बाल्टिमोरच्या जबरदस्त बचावाच्या जोरावर, आणि लगेच त्या संघानं त्याला सोडूनही दिलं. इकडे कोल्ट्सनी जिम हारबॉ या अनुभवी क्वार्टरबॅकला आणलं होतं. तो त्यांना पुढच्याच मोसमात सुपर बोलच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन गेला. मग टोबिनचं काय चुकलं? गुडघा-खांदा दुखावणार, हे पोस्टमनलाही सांगता आलं नसतं आणि कायपरलाही. गणितात उत्तर बरोबर आलं, पण रीत चुकली, तर आम्ही पूर्ण गुण देत नसू. आणि रीत बरोबर असून शेवटी आकडा चुकला, तर रीतीचे गुण कापत नसू. टीव्हीवरच्या भाकितांना मात्र रीतीचे गुणच नाहीत. तिथे फक्त शेवटचा आकडा बघतात, तोही आपल्याला सोयीचा असेल तेव्हा!

नातवाला मी एक दोनशे पानी वही आणून दिली. म्हटलं, “तू रोज सांगतोस, हा विश्लेषक ग्रेट, तो बोगस. लिहून ठेव ना. कोण बोलला, काय बोलला, कारण काय दिलं. आणि शेवटचा रकाना तीन वर्षं कोरा ठेव.”

“तीन वर्षं? आजी, तोपर्यंत कोण लक्षात ठेवणार?”

“म्हणूनच तर वही!”

त्यानं ती खरंच ठेवली, आणि जुन्या वर्षांचंही शोधून शोधून भरलं. त्यातून माझंही शिक्षण झालं. त्यातल्या काही नोंदी सांगते.

२००७. ओकलंड रेडर्सनी पहिल्या क्रमांकावर जॅमार्कस रसेल हा क्वार्टरबॅक घेतला. कायपरचं म्हणणं होतं, तीन वर्षांत हा लीगमधल्या अव्वल पाचांत असू शकेल. तीन वर्षांनी, २०१० साली, रेडर्सनी त्याला काढून टाकलं. तो पुन्हा कुठल्याच संघाकडून खेळला नाही.

२०१०. जिमी क्लॉसेन यशस्वी झाला नाही तर मी हे काम सोडीन, असं कायपर टीव्हीवर बोलून गेला. क्लॉसेनला कॅरोलायनानं दुसऱ्या फेरीत घेतलं. त्या मोसमात तो संघ तळाला गेला आणि पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर त्यांनी दुसराच क्वार्टरबॅक निवडला. क्लॉसेनचं बस्तान कधी बसलंच नाही. कायपर अर्थातच जागेवर आहे.

२०१८. वायोमिंग विद्यापीठाच्या जॉश अ‍ॅलनबद्दल आकडेवारीवाले नाकं मुरडत होते, याचे चेंडू नेमके पोचत नाहीत म्हणून. कायपरनं त्यालाच सगळ्या क्वार्टरबॅकांत पहिला मानलं. बफलोनं त्याला सातवा घेतला. २०२४ च्या मोसमात अ‍ॅलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणजे बघा, तोच माणूस, तेच डोळे, तोच आत्मविश्वास. एकदा सपशेल फसला, एकदा सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन बरोबर ठरला. आणि आवाजात फरक काहीच नव्हता! ज्याच्या आवाजावरून खात्री आणि शंका यांत फरक करता येत नाही, त्याच्या खात्रीला किंमत किती द्यायची?

नातू म्हणाला, “अगं पण ते टीव्हीवाले आहेत. खरी अक्कल संघांकडे असते.” ठीक आहे, तेही तपासू. आपल्याकडे नेहमी म्हणतात ना, खुर्चीत बसून बघा म्हणजे कळेल? इथे काही विश्लेषकांना ती खुर्ची खरोखरच मिळाली.

माइक मेयॉक हे एनएफएल नेटवर्कवरचे अतिशय अभ्यासू विश्लेषक. २०१८ च्या डिसेंबरअखेर रेडर्सनी त्यांना थेट महाव्यवस्थापक केलं. पहिल्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर त्यांनी क्लेलिन फेरल घेतला. चौथ्या क्रमांकाला शोभेल असं त्याच्या हातून काही झालं नाही. त्याच वर्षी, त्याच जागेवर खेळणारा मॅक्स क्रॉस्बी त्यांनी चौथ्या फेरीत, एकशे सहाव्या क्रमांकावर घेतला, आणि तो लीगमधल्या नामांकितांत जाऊन बसला. म्हणजे हिरा हेरला होता की नव्हता? हेरला असता तर आधी घेतला असता! २०२२ च्या जानेवारीत मेयॉक यांची नोकरी गेली.

जॉन लिंच हेही कॉमेंटरीच्या खोलीतून उठून २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महाव्यवस्थापक झाले. २०२१ साली त्यांनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजून तिसरा क्रमांक मिळवला आणि ट्रे लान्सला घेतलं. दोन वर्षांनी त्याला चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकावं लागलं. आणि २०२२ च्या ड्राफ्टमधलं शेवटचं, दोनशे बासष्टावं नाव लिंच यांनीच घेतलं होतं. ब्रॉक पर्डी. शेवटच्या नावाला इथे थट्टेनं ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्यानं काही फरक पडत नाही असा. या बिनमहत्त्वाच्या गड्यानं २०२४ च्या फेब्रुवारीत संघाला सुपर बोलच्या मैदानात उभं केलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण बिल पोलियन यांचं. १९९८ साली कोल्ट्सचा कारभार त्यांच्याकडे होता. पेटन मॅनिंग घ्यायचा की रायन लीफ, यावर अख्खा देश भांडत होता. पोलियननी मॅनिंगला घेतलं. मॅनिंग महान ठरला, लीफचा खेळ चार वर्षांत आटोपला. पोलियन पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. एवढ्या अधिकाराच्या माणसानं २०१८ साली टीव्हीवर सांगितलं, की लमार जॅक्सननं क्वार्टरबॅक होण्याचा नाद सोडावा आणि चेंडू झेलण्याच्या जागेवर खेळावं. जॅक्सन पहिल्या फेरीत सगळ्यात शेवटी, बत्तिसावा गेला. २०१९ मध्ये तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तोही क्वार्टरबॅक म्हणूनच! २०२३ मध्ये पुन्हा तोच मान मिळाला.

बरं, हे एकट्यादुकट्याचं नाही. सात सुपर बोल जिंकणारा टॉम ब्रेडी २००० साली एकशे नव्व्याण्णवावा गेला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅकांची नावं घेतली गेली होती. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासून २००५ मध्ये एक निबंध सादर केला. यातल्या थेलरना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला मुलगा, त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या मुलापेक्षा पुढे सरस ठरतो का? उत्तर आलं, जेमतेम ५२ टक्के वेळा. नाणं उडवलं तर ५० टक्के येतं! आणि हे संघांचं, ज्यांच्याकडे देशभर फिरणारे शोधक आहेत, डॉक्टर आहेत, धावण्याच्या घड्याळापासून मुलाखतीपर्यंत सगळं आहे. आमच्या ब्राउन्सनी २००७, २०१२ आणि २०१४ या तिन्ही वर्षी बाविसाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅकच घेतला, आणि एकही टिकला नाही. जावई म्हणतात, “आई, आमच्याकडे बावीस हा आकडाच उच्चारू नका.”

मग या विश्लेषकांना थापाडे म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. मी त्यांचं बोलणं लक्ष देऊन ऐकते, तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक असतं वर्णन. हा मुलगा दबावाखाली पाय कसे हलवतो, याचं मनगट कसं आहे, याच्या कॉलेजात समोर कमकुवत संघ होते म्हणून आकडे फुगलेत. हे वर्षानुवर्षं बसून बघितल्याशिवाय येत नाही. त्यामागची मेहनत खरी आहे आणि ते ऐकून मला, मराठी माध्यमातून बीए झालेल्या बाईला, हा खेळ कळायला लागला. दुसरं असतं भविष्य. आणि भविष्याच्या बाबतीत त्या मेहनतीचा उपयोग फार थोडा होतो, कारण बाविसाव्या वर्षानंतरचं पुष्कळसं त्या मुलाच्या हातात नसतं. कुठला प्रशिक्षक मिळतो, पुढे खेळणारे कसे आहेत, हाड मोडतं की नाही, घरी काय चाललंय… लबाडी आहे ती वर्णनाच्या नाण्यावर भविष्य खपवण्यात.

आपण हवामान खात्याची कायम चेष्टा करतो. पण त्यांचा एप्रिलमधला मान्सूनचा अंदाज नीट वाचा. सरासरीच्या इतके टक्के, आणि पुढे अधिक-उणे पाच टक्के. आपण किती चुकू शकतो, हे ते स्वतःच छापतात. एखाद्या ड्राफ्ट विश्लेषकानं नावासमोर ‘अधिक-उणे’ लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तसं लिहिलं तर कार्यक्रम कोण बघणार, ही अडचण मला समजते. टीव्हीला ठाम माणूस लागतो. “सांगता येत नाही” असं म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी कोण बोलावणार?

शिवाय पैशाचं गणित आहेच. २००३ साली लीगनं स्वतःचीच वाहिनी काढली, म्हणजे तिथले विश्लेषक ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याच पगारावर. ईएसपीएन सामने दाखवण्यासाठी लीगला पैसे मोजत आली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ईएसपीएनचा दहा टक्के हिस्सा लीगला देण्याचा करार जाहीर झाला. त्यात भर म्हणजे एप्रिल महिन्यात संघ मुद्दाम हूल देतात. मनात एक मुलगा असतो, आणि चर्चा दुसऱ्याची पसरवतात. विश्लेषकाच्या कानावर जे येतं ते बातमी की हूल, हे त्यालाही कळत नसावं.

एवढं सगळं असूनही, तासभर करमणूक झाली, सोडून द्या, असं मी म्हटलं असतं. पण या सगळ्यात खुर्चीवर बसलेला एक मुलगा असतो. २००५ साली अ‍ॅरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक आधी खूप वर जाणार असं बोललं गेलं होतं. तो कॅमेऱ्यासमोर तासन् तास बसून राहिला आणि चोविसावा गेला. प्रत्येक नावानंतर कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. पुढे तो चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला म्हणून आज ती गोष्ट हसत सांगता येते.

२०२५ मध्ये ग्रीन बेला ड्राफ्ट झाला तेव्हाची गोष्ट आमच्या घरातली, कारण तो मुलगा अखेर आमच्याच संघाकडे आला. शदूर सँडर्स, डिऑन सँडर्स या जुन्या महान खेळाडूचा मुलगा. कायपरच्या यादीत तो अख्ख्या देशात पाचवा आणि क्वार्टरबॅकांत पहिला होता. पहिली फेरी गेली. दुसरा दिवस गेला, आणि त्यात ब्राउन्सनी तिसऱ्या फेरीत दुसराच क्वार्टरबॅक घेतला. तिसऱ्या दिवशी, पाचव्या फेरीत, एकशे चव्वेचाळिसाव्या क्रमांकावर ब्राउन्सनी सँडर्सचं नाव घेतलं. या तीन दिवसांत कायपर टीव्हीवर संघांवर अक्षरशः कडाडत होता, की यांना क्वार्टरबॅक ओळखताच येत नाही.

नातू टीव्हीपुढे बसून त्याला दाद देत होता. मी मात्र त्या मुलाचा विचार करत होते. ‘घसरला’ असं सगळे म्हणत होते. पण घसरला कुठून? कुठल्याही संघानं त्याला पाचवा म्हटलेलं नव्हतं. ती पायरी टीव्हीनं बांधली, टीव्हीनंच त्याला तिच्यावर बसवलं, आणि मग तीन दिवस तो पडताना दाखवला. एकशे चव्वेचाळिसावा येणंसुद्धा केवढं मोठं! हजारो मुलं कॉलेजात खेळतात, त्यातल्या अडीचशेंत याचं नाव. पण त्या घरात त्या दिवशी अपमान शिरला होता. पहिल्या बाकावर बसणार असं गावभर सांगितलेल्या मुलाचा निकाल लागतो तेव्हा घरात काय होतं, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. पंच्याऐंशी टक्के मिळवून रडणारी मुलं मी पाहिली आहेत, कारण कुणीतरी पंच्याण्णव बोलून ठेवलेले असतात. बोलणारा माणूस तोपर्यंत दुसऱ्या मुलाबद्दल बोलायला लागलेला असतो.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं, त्याला एक घरगुती कारण आहे. नातवानं जाहीर केलंय, की त्याला इंजिनियर व्हायचं नाही. त्याला पत्रकारिता शिकायची आहे आणि हेच काम करायचं आहे. कॉलेजच्या अर्जांची वेळ आता आलीच आहे. त्याच्या शाळेनं कॉलेजांची यादी करायला सांगितली आहे, तिचे तीन भाग असतात. खात्रीची, जमण्यासारखी आणि ‘रीच’, म्हणजे हात उंच करूनही लागतील न लागतील अशी. ड्राफ्टमध्येही एखादा खेळाडू त्याच्या लायकीपेक्षा आधी घेतला तर विश्लेषक ‘रीच’च म्हणतात. तो शब्द ऐकला की लेक दचकते. मला रात्री म्हणाली, “आई, तूच त्याला वही आणून दिलीस. आता तूच समजाव. दुसऱ्यांच्या मुलांची भाकितं करून पोट भरतं का कुणाचं?”

पोट भरतं, हे कायपरनं दाखवलंच आहे! प्रश्न पोटाचा नाही. मी लेकीला म्हटलं, अकरावीतल्या मुलाचं पुढे काय होणार, हे आत्ताच ठरवायला आपणही टीव्हीवरचे विश्लेषक नाही. ती हसली नाही, पण विषय वाढवलाही नाही.

नातवाला मात्र मी तीन गोष्टी सांगितल्या. त्या इथेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे त्यानं नाकबूल करायला नको. पहिली, प्रत्येक मताबरोबर कारण सांग, म्हणजे मत चुकलं तरी ऐकणाऱ्याच्या हाती कारण उरेल. दुसरी, कुठे खात्री आहे आणि कुठे अंदाज आहे, ते आवाजातून कळू दे. तिसरी, आपली जुनी वही दर वर्षी लोकांपुढे उघड, कुणी मागायच्या आधी. पोलियन यांनी २०१९ च्या मोसमातच कबूल केलं, की जॅक्सनला आपण जुन्या पठडीच्या मापानं मोजलं आणि ते चुकलं. त्यांनी मॅनिंग ओळखला त्यापेक्षा या एका वाक्यासाठी माझ्या मनात त्यांचं वजन जास्त आहे. विश्वास ठेवायचा तो कधीच न चुकणाऱ्यावर नव्हे, असा माणूस नसतोच. आपला हिशेब स्वतःहून मांडणाऱ्यावर ठेवायचा.

“पण आजी, असं बोलणाऱ्याला टीव्हीवर घेतील का?” त्यानं विचारलं.

सांगता येत नाही, म्हटलं. अधिक-उणे पाच टक्के!

त्याच्या वहीत २०२५ च्या पानावर शदूर सँडर्सचा शेवटचा रकाना अजून कोरा आहे. तो २०२८ मध्ये भरायचा. तोवर मी असेन-नसेन, वही राहील. तुमच्यापैकी कुणी टीव्हीवरच्या कुठल्याही तज्ज्ञाची अशी वही ठेवली असेल, मग तो शेअर बाजाराचा असो, निवडणुकीचा असो की क्रिकेटचा, तर जरूर कळवा. वाचायला आवडेल. असो. आज इतकंच.